तिसऱ्या तबकडीचे तुकडे

अकोल्यातल्या एका दुकानावरची पाटी: सायकली, घड्याळे, फोनो. नवी रेकॉर्ड हवी असल्यास जुनी आणावी. फुटकी चालेल. वाद घालू नये.

*

बाभळीचा काटा नीट वाळलेला असला तर तो पोलादी सुईपेक्षा कमी खरखरतो. फक्त दर गाण्यानंतर त्याचं टोक तासावं लागतं.

*

बडनेऱ्याच्या स्टेशनावर एक जाडजूड गृहस्थ बाकावर बसला आणि बसताना काहीतरी कडकन मोडलं. आपलंच हाड असावं असं त्याला वाटलं.

*

अमरावतीच्या एका मराठी शाळेच्या हजेरीपटाचं शेवटचं पान. फुटक्या पाट्या: सात. खाली हेडमास्तरांच्या हातची लाल शाई: दोन शिल्लक.

*

"भुरे, सांग त्यायले, भाकर थंडी होऊन राह्यली."

*

वरच्या पाचही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि एकाच वर्षातल्या आहेत. माणसाचं नाव देवीदास मास्तर. त्या शाळेचे हेडमास्तर तेच. जन्म माळ्याच्या घरातला, पण बापाचा फुलांचा मळा धाकट्या भावाकडे सोडून हे शिकले, आणि शिक्षणाचा ताठा पाठीच्या कण्यात जो बसला तो कायमचा. वाकून चप्पल उचलायची झाली तरी मास्तर आधी इकडेतिकडे पाहून घेत. गल्लीत ते शुद्ध बोलत. वऱ्हाडी त्यांच्या तोंडून फक्त ठेच लागल्यावर किंवा झोपेत निघे.

भुरी हे मांजर. ती या कथेत महत्त्वाची आहे, कारण घरातला सगळा व्यवहार तिच्यामार्फत चालत असे. घरात माणसं दोनच, मास्तर आणि त्यांच्या पत्नी जयवंताबाई. जयवंताबाई सगळ्यांशी बोलत. शेजारच्या गंगूबाईंशी बोलत, दारावर येणाऱ्या बोरंवालीशी बोलत, पाणी तापायला वेळ लागला तर चुलीशीही बोलत. नवऱ्याशी बोलत नसत. नवऱ्याला काही कळवायचं असलं की त्या मांजराला सांगत, आणि मास्तर दोन हातांच्या अंतरावर बसून ते ऐकत. भुरी घरात नसली तर निरोप ती येईपर्यंत थांबे. घरातलं मीठ संपल्याचं मास्तरांना एकदा दोन दिवस उशिरा कळलं, कारण भुरी गंगूबाईंच्या माळ्यावर व्याली होती. दोन दिवस त्यांनी अळणी वरण खाल्लं आणि काही म्हटलं नाही. मांजराकडे तक्रार करणं हेडमास्तरला शोभलं नसतं.

हे असं का झालं ते गल्लीला तोंडपाठ होतं, आणि गल्लीला माहीत असलेली हकीकत अशी.

मास्तरांना एकच मुलगा, सहदेव. वय वीस. त्याला एका बोलपटातल्या गाण्यांनी झपाटलं होतं. बोलपटाचं नाव इथे देत नाही, कारण मास्तरांनी ते आयुष्यात कधी तोंडातून काढलं नाही. ते 'तो चित्रपट' म्हणत, आणि 'तो' या शब्दावर असा भार देत की ऐकणाऱ्याला आंघोळ करावीशी वाटे. अमरावतीच्या टॉकीजमध्ये सहदेवने तो आठ वेळा पाहिला. गाण्यांची चोपडी घेतली, ती फाटली, दुसरी घेतली. मग कुठून तरी वापरलेला फोनो आणला, आणि एकेक करत त्या बोलपटाच्या सहाही तबकड्या जमवल्या. दहा गाणी. त्यांतली दोन इतकी लांब की एका बाजूला मावत नव्हती. अर्धं गाणं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. मध्ये गाणारी बाई थांबायची, आणि तबकडी उलटवून चावी देईपर्यंत सगळ्या घराने श्वास धरून बसायचं.

सगळ्या घराने म्हणजे सहदेवने आणि आईने. मास्तर त्या वेळी ओसरीवर पाठ करून बसत. त्या पेटीतून निघणाऱ्या आवाजाला संगीत म्हणायचं असेल, तर बडनेऱ्याच्या शंटिंगलाही म्हणावं लागेल, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी वर्गातही सांगितलं होतं.

दिवाळीनंतर सहदेव अकोल्याला एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून म्हणून लागला. फोनो आणि तबकड्या घरीच ठेवून गेला. माघात त्याला मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशी ताप उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते. एकोणिसाव्या दिवशी तो गेला.

तेराव्याला घर भरलेलं असताना जयवंताबाईंनी त्याचा लाकडी खोका पाहुण्यांना दाखवायला उघडला. सहा कागदी पाकिटं. तिसरं पाकीट उचललं तर त्यातून पाच तुकडे खाली पडले.

"कोनं फोडली?" जयवंताबाईंनी विचारलं.

घरात चाळीसेक माणसं होती. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, ते सरळ झाले. "मी फोडली," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "असल्या गोष्टी शिक्षकाच्या घरात शोभत नाहीत, हे मी त्याला अनेकदा बजावलं होतं."

चाळीस माणसं खाली पाहू लागली. पलीकडच्या घरातले नत्थुजी, निवृत्त पोस्टमन, खोकले. जयवंताबाईंनी तुकडे वेचले, सहदेवच्या गळ्यातल्या रुमालात बांधले आणि त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. त्या दिवसापासून मास्तरांशी बोलण्याचं काम भुरीकडे गेलं.

*

भाद्रपदात एका सकाळी मास्तर शाळेला निघताना टोपी शोधत होते. भुरी बशीतलं दूध पीत होती. जयवंताबाई भाकरी थापताना तिला म्हणाल्या, "भुरे, त्यायले म्हन, पोरगं अकोल्याले जाताना मले सांगून गेलं होतं. म्हणे, आई, तिसरी रेकॉर्ड बाबाले एक डाव आयकव. आयकली तं मंग ते मले काई बोलनार नाईत. एवढंच मांगलं होतं त्यानं. त्यायनं आयकाची सोडून फोडली."

इतका लांब निरोप पूर्वी कधी आला नव्हता. भुरीने मान वर केली नाही. मास्तरांची टोपी त्यांच्या हातातच होती. ती घालून ते शाळेत गेले, फळ्यावर तारीख लिहिली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मुलांना वाटलं तारीख चुकली.

संध्याकाळी त्यांनी ठरवलं. वर्षश्राद्धाच्या आत ती तबकडी, तीच, तिसरी, नवीकोरी घरात आणायची आणि जयवंताच्या समोर बसून ऐकायची. एवढं झालं की ती बोलेल. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी म्युनिसिपालटीकडून शाळेला घंटा मंजूर करून घेतली होती. त्यामानाने हे काम किरकोळ होतं.

गल्लीत कुठलंही काम किरकोळ राहू शकत नाही. मास्तरांनी चौकशी फक्त नत्थुजींकडे केली, आणि दिवे लागायच्या आत ओसरीवर तीन सल्लागार बसलेले होते.

नत्थुजी म्हणाले, पोस्टाने मागवावी. मग पार्सलं कशी फेकली जातात ते त्यांनी तीस वर्षांच्या अनुभवाने इतकं तपशिलात सांगितलं की शेवटी त्यांनी स्वतःचाच सल्ला मागे घेतला. वामनराव एका वकिलाकडे मुनशी होते. त्यांच्या मते आधी तबकडी कोणत्या परिस्थितीत फुटली याचं प्रतिज्ञापत्र करून घ्यावं. पुढेमागे कामी येतं. मास्तर त्यावर एकदम इतके रागावले की वामनरावांना नवल वाटलं. गंगूबाईंचा मुद्दा वेगळा होता. वर्ष झालं नाही अन् दुखवट्याच्या घरात गाणं वाजवायचं, हे त्यांनी ना पाहिलं होतं ना ऐकलं होतं. पण त्याही शेवटी विरघळल्या.

"भोंग्यात गोधडी कोंबा," त्या म्हणाल्या. "मंग ते गानं नाई होत. नुसता आवाज होते."

अडचण तबकडी मिळण्याची होती. लढाई चालू होती, तबकड्यांना लागणारी लाख कुठे जात होती कोण जाणे, आणि अमरावतीत नव्या तबकड्या दिसेनाशा झाल्या होत्या. अकोल्याला खुशालरावांच्या दुकानात मिळतील, पण एका नव्या तबकडीमागे दोन जुन्या द्याव्या लागतील, असं कळलं. सहदेवच्या उरलेल्या पाच तबकड्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मास्तर जुन्या तबकड्या मागत दारोदार फिरले. दार वाजवायच्या आधी ते गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेत, त्यामुळे त्यांच्यावर दोनदा कुत्री सोडली गेली.

वामनरावांनी एक दिली. ती चार वर्षं रांजणाचं झाकण होती, आणि मधल्या भोकातून पाण्यात कचरा पडतो म्हणून त्यांचं कुटुंब तशीही नाराज होतं. गंगूबाईंनी एक दिली. ती त्यांच्या जावयाने गरम पाण्यात मऊ करून, काठ वळवून कुंडी केली होती, आणि तिच्यात सदाफुली होती. सदाफुली त्यांनी काढून घेतली, माती राहू दिली. नत्थुजींनी आपली एकमेव भजनाची तबकडी डोळ्यांत पाणी आणून देऊ केली. फक्त एकदा शेवटची ऐकतो म्हणाले. तीन वेळा ऐकली आणि देत नाही म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत मास्तर एक झाकण आणि एक कुंडी पिशवीत घालून अकोल्याला निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. गाडी पलटणीच्या शिपायांनी भरून आली आणि तशीच गेली. पुढची येईपर्यंत मास्तर बाकावर पिशवी ठेवून नळावर गेले, आणि तेवढ्यात तो जाडजूड गृहस्थ येऊन बसला. परत आल्यावर मास्तरांनी पिशवीत पाहिलं. झाकणाचे चार तुकडे, कुंडीचे मोजण्यापलीकडे. मग त्यांना खुशालरावांच्या पाटीबद्दल ऐकलेलं आठवलं. फुटकी चालेल. जन्मात पहिल्यांदा त्यांचं काही फुटलं होतं आणि नुकसान झालं नव्हतं. पण आलेला राग वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गृहस्थाला सार्वजनिक बाकांच्या वापरावर दहा मिनिटं समज दिली. गृहस्थाने माफी मागून दोन केळी दिली. मास्तरांनी ती नाकारली, आणि अकोल्यापर्यंत भुकेने त्यांचं डोकं दुखलं.

खुशालराव बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिल लावलेले. त्यांनी तुकडे पाहिले, चालतील म्हणाले, आणि कोणती पाहिजे ते विचारलं. मास्तरांनी 'तो चित्रपट' एवढंच सांगितलं. खुशालरावांनी पाच-सहा नावं घेतली. मास्तर प्रत्येक नावाला एका बाजूला पाहत. शेवटी एका नावाला त्यांनी दुसऱ्या बाजूला पाहिलं, तेव्हा खुशालरावांना कळलं.

"अन् त्यातली कोनती? नंबर सांगा."

नंबर लेबलावर, लेबल तुकड्यांवर, तुकडे ट्रंकेत. मास्तर म्हणाले, तिसरी. खुशालराव म्हणाले, ते तुमच्या घरचं तिसरं, कंपनीले काय समजनार. यादी होती, पण तिला वाळवी लागली होती. उपाय एकच होता.

"गाऊन दाखवा, गुरुजी."

त्या वेळी दुकानात एक पंक्चरवाला, घड्याळ दुरुस्तीला आलेले दोन वकील आणि सायकल घ्यायला बाळापूरहून आलेलं एक अख्खं कुटुंब होतं. मास्तरांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. पुन्हा घातली. आधी नुसतं गुणगुणले. ऐकू येत नाही, खुशालराव म्हणाले. मग ते गायले. खर्जात सुरुवात, दुसऱ्या ओळीला ती बाई एक हेलकावा देते तो हेलकावा, मग मध्ये सारंगी. सारंगीही त्यांनी तोंडाने म्हटली. पहिली बाजू जिथे संपते तिथे ते थांबले, उजवा हात हवेत किंचित वळला, आणि दुसरी बाजू सुरू झाली. ती त्यांनी शेवटच्या टिपेपर्यंत नेली. पंक्चरवाल्याच्या हातातली ट्यूब पाण्यात तशीच बुडबुडे सोडत राहिली.

"तुमाले तं दुसरी बाजूबी पाठ हाय," खुशालराव म्हणाले.

"लोकांच्या घरांतून कानावर पडतं," मास्तर म्हणाले. "इलाज नसतो."

खुशालरावांनी पेन्सिल काढली आणि पुन्हा कानामागे लावली. ही तबकडी आता निघत नाही, त्यांनी सांगितलं. लढाईमुळे कंपनीने जुनी गाणी छापायची बंद केली आहेत. फक्त कोणाची फुटली असेल तर बदलून देतात, आणि त्याला दुसरे तुकडे चालत नाहीत. "तिचेच तुकडे आना, लेबलासकट. सगळे."

झाकण आणि कुंडी त्यांनी परत दिली नाहीत. ती पोत्यात गेली. पाटीवर वाद घालू नये असं लिहिलेलं होतंच.

*

मास्तरांनी हार मानली नाही. त्यांनी सरळ तबकड्यांच्या कंपनीला, कलकत्त्याला, अर्ज केला. त्याची कच्ची प्रत शाळेच्या कपाटात राहिली, ती अशी:

'महाशय, खाली सही करणार सविनय विनंती करतो की, अर्जदाराच्या कुटुंबात एक तबकडी अपघाताने' (इथे 'अपघाताने' खोडून 'हेतुतः', तेही खोडून 'काही कारणाने') 'भंग पावली असून तिचे अवशेष सध्या अर्जदाराच्या पत्नीच्या ताब्यात आहेत. सदर अवशेष परत मिळवणे अर्जदारास शक्य नाही. तरी अवशेषांवाचून बदली तबकडी मंजूर व्हावी. अर्जदार पंचवीस वर्षे नोकरीत असून त्याच्याविरुद्ध आजवर शेरा नाही.'

दीड महिन्याने छापील पोस्टकार्ड आलं. तुकड्यांशिवाय तबकडी मिळणार नाही. पत्त्याच्या जागी टाइप केलेलं होतं: मेसर्स देवीदास अँड सन्स.

मास्तरांनी ते कार्ड दारातच वाचलं. मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि बरेच दिवस तिथून काढलं नाही.

*

आता सगळ्यांत वाईट भाग, आणि तो मास्तरांना सगळ्यांत चांगला जमला.

जयवंताबाई दर रविवारी दिराच्या मळ्यात फुलं तोडायला जात. ट्रंकेला कुलूप नव्हतं. मास्तरांनी विचार केला तो असा, की तुकडे घ्यायचे, तबकडी आणायची, आणि ती वाजली की तुकड्यांची आठवण कोणाला राहणार आहे. मधल्या काळात रुमाल रिकामा दिसायला नको म्हणून त्यांनी शाळेतल्या फुटक्या पाट्या काढल्या. काळ्या, सपाट, वजनाला जवळपास तेवढ्याच. पाच पाट्यांमधून पाच तुकडे त्यांनी शाळेच्या मागच्या पायरीवर कानशीने घासून गोलाईला आणले. शिपायाने विचारलं तेव्हा भूगोलाचा पाठ आहे म्हणाले.

रविवारी दुपारी त्यांनी ट्रंक उघडली. वर सहदेवचे दोन सदरे, मग चोपडी, मग रुमाल. रुमालाची गाठ पाहून ते थबकले. ती हाराची गाठ होती. फुलांचा दोरा शेवटी जसा अडकवतात, तशी. माळ्याच्या घरातल्या बायका कुठलीही गोष्ट तशीच बांधतात. मास्तरांनी वयाच्या बाराव्या वर्षी ती गाठ मारणं सोडलं होतं, आणि आता येत नाही असं ते लोकांना अभिमानाने सांगत. गाठ त्यांनी सोडली. तुकडे काढले, पाट्या घातल्या. मग बोटांनी आपणहून हाराची गाठ मारली, एका झटक्यात, बरोब्बर.

ट्रंक बंद करून ते बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसले.

पुढच्या खेपेला गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते कोळशावर चालणाऱ्या मोटारीने गेले. मोटार चढाला थांबे, उतारू उतरत, ढकलत, पुन्हा बसत. अकोल्याला पोचेपर्यंत हेडमास्तर आणि कोळसेवाला यांतला फरक फक्त टोपीत उरला होता. खुशालरावांनी तुकडे काउंटरवर जुळवून पाहिले. पूर्ण गोल झाला. लेबल फाडून घेतलं, नंबर लिहिला, आणि तुकडे पोत्याकडे नेले.

"एक तुकडा ठिवून घेऊ काय?" मास्तर म्हणाले. ते वऱ्हाडीत बोलले हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"सगळे लागतेत, गुरुजी."

पोत्यात तुकडे पडल्याचा आवाज झाला. आधीच्या तुकड्यांवर पडल्यासारखा, वेगळा काही नाही.

*

नवी तबकडी वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी खुशालरावांच्या दुकानात आली. मास्तरांनी ती कोटाच्या आत छातीवर ठेवली, वरून उपरण्याने करकचून बांधली, आणि अकोल्याहून अमरावतीपर्यंत उभे राहून आले. जागा मिळाली होती, पण वाकता येत नव्हतं. डब्यातल्या एकाने पाठीचं दुखणं का म्हणून विचारलं. दुसऱ्याला ते पलटणीतले वाटले.  छाती इतकी ताठ ठेवून मास्तर आयुष्यात कधी चालले नव्हते, आणि त्यासाठी आज त्यांना काही कष्टही पडले नव्हते.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी फोनो ओसरीवर आणला. कोणाला बोलावलं नव्हतं. तरी नत्थुजी तासलेला बाभळीचा काटा घेऊन आले, कारण पोलादी सुया बाजारात नव्हत्या. गंगूबाई गोधडी घेऊन आल्या. वामनराव नुसतेच आले. जयवंताबाई आतल्या खोलीत उद्यासाठी तांदूळ निवडत होत्या. मास्तरांनी दाराकडे तोंड करून, पण भुरीला, मोठ्याने सांगितलं, "भुरे, तिला सांग, तिसरी तबकडी आणली आहे. मी ऐकणार आहे. तिने यावं." मांजरामार्फत बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. भुरी उन्हात अंग चाटत होती.

आत तांदळाचा आवाज थांबला.

चावी दिली. काटा टेकवला. गोधडीतून ती बाई गाऊ लागली, आणि दूरच्या विहिरीतून गात असल्यासारखी ऐकू आली. सुरुवातीला नुसता पेटीचा सूर आणि ती. ओळ वर जाते आणि तिथेच थांबते, कोणी हाक मारून उत्तराची वाट पाहावी तशी. मग सारंगी. वामनरावांनी डोळे मिटले. गंगूबाईंनी गोधडी थोडी बाहेर ओढली. मास्तर फोनोसमोर मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर, वर्गात शहाणा मुलगा बसतो तसे. पहिली बाजू नेहमीच्या जागी तुटली. मास्तरांनी काटा उचलला, तबकडी दोन बोटांनी काठाला धरून उलटवली, चावीचे बारा फेरे दिले. हे सगळं त्यांनी इतकं भराभर केलं की नत्थुजी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले.

काटा टेकवणार तेवढ्यात जयवंताबाई बाहेर आल्या.

त्यांच्या हातात रुमाल होता. त्या खाली बसल्या, गाठ सोडली, आणि पाटीचे तुकडे एकेक करून फरशीवर ठेवले. एक. दोन. तीन. चार. पाचव्यावर कोणा विद्यार्थ्याने खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं, त्यातली दोन अक्षरं उरली होती. हे तुकडे त्यांनी आजच पाहिलेले नव्हते. रुमाल त्या रोज सोडत असत. पाट्या त्यांना पहिल्याच सोमवारी सापडल्या होत्या. दोन महिने त्या थांबल्या होत्या, मास्तर स्वतःहून सांगतात का ते पाहत.

मग त्यांनी मान वर केली. भुरी शेजारीच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुकडे कुठी हायेत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

सगळी गल्ली ज्याची वाट पाहत होती ते झालं होतं. जयवंताबाई बोलल्या होत्या. तबकडी आली की त्या बोलतील, हा मास्तरांचा अंदाज अचूक ठरला होता. गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला.  सांगण्यासारखं मास्तरांजवळ एक होतं, आणि ते त्यांनी तेराव्यापासून दडवून ठेवलं होतं. पण ओसरीवर नत्थुजी होते, वामनराव होते, गंगूबाई होत्या. 

"नियमच तसा हाय," मास्तर म्हणाले. "जुनी देल्याबिगर नवी भेटत नाई."

 जयवंताबाईंनी रुमाल झटकला, घडी केली आणि कमरेला खोचला. पाटीचे तुकडे तिथेच राहू दिले. उठताना त्यांनी भुरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"भुरे, त्यायले म्हन, हे उचलून ठेवा. उद्या मानसं येनार हायेत."

त्या आत गेल्या. तांदळाचा आवाज पुन्हा सुरू झाला. चावी दिलेली होती, म्हणून तबकडी काट्याविना फिरत राहिली, हळू होत गेली आणि थांबली. नत्थुजींनी आपला काटा उचलून खिशात घातला. गंगूबाई गोधडी विसरून गेल्या.

ती तबकडी फुटली तो संक्रांतीचा दिवस होता. सहदेव अकोल्याला होता, जयवंताबाई मळ्यात गेल्या होत्या, आणि मास्तर घरी एकटे बसून त्या दुपारी चौथ्यांदा तिची बाजू उलटवत होते.